जुन्या बाजारातल्या दुकानाची पाटी: हातानं लिहिलेली अक्षरं आणि सोन्याचा वर्ख

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या बाजारपेठेत तीन पिढ्यांचं दुकान आहे, दर्शनी बाजू लाकडी आहे, दारावर ८ फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी आहे. तिच्यावरची आधीची अक्षरं अर्धवट उडाली आहेत. नवी पाटी हातानं लिहून घ्यायची, अक्षरांना खऱ्या सोन्याचा वर्ख द्यायचा आणि दाराच्या काचेवरही नाव हवं. सोनेरी रंगानं भागणार नाही का, खरा वर्ख किती वर्षं टिकेल, आणि काम कोणत्या क्रमानं करावं, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

मी ३० वर्षं पाट्या लिहितो आहे, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं वर्खाचं कामही करतो. सगळ्यात आधी एक विनंती करतो: त्या जुन्या फळीला आज कोणालाही पॉलिश पेपर लावू देऊ नका.

रात्री दिवे मालवून एक बॅटरी घ्या आणि तिचा झोत फळीच्या कडेवरून, फळीला अगदी लागून आडवा टाका. समोरून काहीच दिसत नसलं तरी आडव्या उजेडात जुनी अक्षरं उठून येतात. याचं कारण सोपं आहे. जिथे अक्षराच्या रंगाचा जाड थर होता तिथलं लाकूड ऊन-पावसापासून वाचलं, आजूबाजूचं झिजलं. त्यामुळे अक्षर केसभर उंच राहिलेलं असतं. कधीकधी एकाखाली एक अशी दोन नावंही सापडतात. त्यांचे फोटो घ्या, मग ट्रेसिंग पेपर लावून पेन्सिलीनं ठसा उतरवून घ्या. तुमच्या आजोबांच्या काळच्या पेंटरनं ‘ळ’ कसा वळवला होता, शिरोरेषा किती जाड ठेवली होती, दोन शब्दांमध्ये किती जागा सोडली होती हे सगळं त्यात असतं. जुन्या बाजारात शोभेल असं वळण शोधायला याहून चांगली जागा नाही.

रंगाचंही तसंच. एखाद्या कोपऱ्यात, पाणी न लागलेल्या जागी, रुपयाच्या नाण्याएवढा भाग धारदार पात्यानं एकेक थर काढत खाली न्या. पायऱ्या-पायऱ्यांसारखे जुने रंग उघडे पडतात. मात्र एक धोका ध्यानात ठेवा. जुन्या तेलरंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. तो कोरडा घासला की धूळ श्वासातून शरीरात जाते. घासायचं तर पाणी मारून ओलं घासायचं, तोंडाला चांगला मास्क लावायचा, पोरांना त्या भागात फिरकू द्यायचं नाही आणि खाली पसरलेला प्लास्टिकचा कागद गुंडाळून काढायचा. इमारत वारसा यादीत असेल तर रंग, पाटीचा आकार आणि दिवे यांची परवानगी आधी काढावी लागते. ती हातात आल्याशिवाय खिळाही ठोकू नका.

आता सोन्याकडे येतो. सोनेरी रंगात सोनं नसतं. तांबं आणि जस्त यांच्या मिश्रधातूची भुकटी असते. डब्यातून काढल्यावर ती छान चमकते, पण उघड्यावर हवा आणि ओल लागली की तपकिरी पडते, कुठे हिरवट होते. बाजारात स्वस्त ‘गोल्ड लीफ’ म्हणून मिळणारा मोठ्या चौकोनांचा पत्रा बहुतेक वेळा याच मिश्रधातूचा असतो. घरातल्या चौकटीला तो वार्निशखाली चालेल, रस्त्यावरच्या पाटीला अजिबात नाही. खरं सोनं हवेनं काळवंडत नाही, त्याचं सगळं मोल या एका गुणात आहे. पण तेही उंच कॅरेटचं हवं. बाहेरच्या कामाला मी २३ कॅरेटच्या खाली जात नाही, शक्यतो साडेतेवीस घेतो. त्यात सुमारे ९८ टक्के सोनं असतं. १८ कॅरेटचा फिकट लिंबोणी वर्ख दिसायला सुंदर असतो, पण त्यातली चांदी आणि तांबं पुढे रंग बदलतात.

खर्चाची धास्ती लोकांना उगाच जास्त असते. वर्खाची जाडी साधारण ०.१ मायक्रॉन असते. असे हजार वर्ख एकावर एक ठेवले तर एका साध्या कागदाएवढी जाडी होते. उजेडासमोर धरला तर वर्खातून हिरवट-निळा प्रकाश आरपार येतो, इतका तो पातळ. ८ सेंटिमीटर चौरस वर्खाचं वजन जेमतेम १२ मिलिग्रॅम भरतं, आणि एका पुस्तिकेत असे २५ असतात. तुमचा हिशोब करू. अक्षर १८ सेंटिमीटर उंच, रेघ अडीच सेंटिमीटर जाड धरली तर एका अक्षराचं क्षेत्रफळ साधारण १५० चौरस सेंटिमीटर येतं. कडा एकमेकांवर चढवायच्या असतात आणि थोडा वर्ख वाया जातो, म्हणून अक्षरामागे साडेतीन ते चार वर्ख धरा. आठ अक्षरांच्या नावाला दुरुस्तीसकट दोन पुस्तिका पुरतात. म्हणजे अख्ख्या पाटीवर अर्धा ग्रॅमच्या आसपास सोनं. पैसे खरे जातात ते माणसाच्या दिवसांवर, आणि ते दिवस वर्ख लावण्यात फारसे जात नाहीत. ते फळी तयार करण्यात आणि अक्षर आखण्यात जातात. मला तुम्हाला सांगायचं आहे ते हेच. वर्ख खालचं काहीही झाकत नाही. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरताना राहिलेला ओरखडा, ब्रशचा राहिलेला केस, अक्षराची डुगडुगलेली कड, सगळं सोन्याखाली दुप्पट उठून दिसतं. साध्या रंगात जी चूक खपून जाते ती सोन्यात रोज सकाळच्या उन्हात डोळ्यांत खुपते.

म्हणून अक्षरांवर घाई करू नका. दीड फुटाच्या फळीवर दीड फुटाचं अक्षर बसेल असं अनेकांना वाटतं. देवनागरीत तसं नाही. वर-खाली ३-३ इंच मोकळी जागा सोडली की १२ इंच उरतात. त्यातून वेलांटी, मात्रा, रफार यांना वर ३ इंच आणि उकाराला खाली २ इंच द्यायचे, तर शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षराला ७ इंचच मिळतात. दूरवरून वाचायला साधारण १० फुटांना १ इंच हे जुनं माप आजही उपयोगी पडतं, म्हणजे ७ इंचांचं अक्षर ७० फुटांवरून सुखानं वाचता येईल. अरुंद गल्लीत माणूस १२-१५ फुटांवरून मान वर करून पाहतो. खालून पाहिल्यावर अक्षर बसकं दिसतं. म्हणून उंच लावायच्या पाटीवर मी अक्षर रुंदीच्या मानानं थोडं जास्त उंच आखतो.

शिरोरेषा ही देवनागरी पाटीची परीक्षा. ८ फुटांच्या फळीवर ती एका दमात सरळ धावते, आणि मध्ये एक मिलिमीटर जरी झोल पडला तरी सोन्यात तो लगेच कळतो. चुन्यात बुडवलेली सुताची दोरी ताणून मारलेली रेघ पट्टीपेक्षा जास्त भरवशाची, कारण पट्टी दोनदा सरकवावी लागते आणि सांध्यात फरक पडतो. जाडीचं म्हणाल तर आडवी रेघ डोळ्याला उभ्या रेघेपेक्षा जाड वाटते. म्हणून शिरोरेषा मी उभ्या दांड्याच्या पाऊणपट ठेवतो. बोरूच्या तिरक्या कापामुळे देवनागरीत उजवीकडून डावीकडे खाली उतरणारी तिरकी रेघ जाड आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी पातळ येते. इंग्रजी अक्षरांत नेमकं उलटं असतं. इंग्रजी पाट्यांवर हात बसलेला पेंटर मराठी लिहिताना जाड-पातळ उलटं टाकतो, आणि अक्षर का खटकतंय ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, पण ती चुकली तर नावच बदलतं. ‘भ’ आणि ‘ध’ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. ती फट भरली की ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ होतो. रंगात ही फट सहज राहते, पण वर्ख चढवताना चिकट तेलाचा एक थेंब त्या फटीत गेला तर सोनं तिथेही बसतं आणि ‘भांडार’ पुसून ‘मांडार’ होतं. म्हणून या फटी मी आराखड्यातच नेहमीपेक्षा मोठ्या ठेवतो. ‘रव’ एकमेकांना भिडले तर ‘ख’ वाचला जातो, तिथेही तेवढीच काळजी हवी. ‘ल’ आणि ‘श’ मात्र मराठी वळणाचेच काढून घ्या. संगणकावरच्या तयार फॉन्टमधून उचललेला हिंदी वळणाचा ‘ल’ जुन्या बाजारातल्या मराठी पाटीवर परका दिसतो.

आराखडा कागदावर खऱ्या मापाचा करायचा, फळीवर चिकटवून रस्त्याच्या पलीकडून एक दिवस येता-जाता पाहायचा. मनासारखा झाला की रेषांवर सुईनं बारीक भोकं पाडायची आणि फडक्याच्या पुरचुंडीत बांधलेली खडूची पूड त्यांवरून आपटायची. फळीवर ठिपक्यांचं अक्षर उमटतं. मूळ कागद जपून ठेवा, पुढच्या दुरुस्तीला तोच लागतो.

फळीचं काम कंटाळवाणं आहे पण सोपं आहे. उडालेला रंग काढा, गाठींवर लाखेचा हात मारा म्हणजे राळ बाहेर येणार नाही, अस्तर द्या, लांबी भरून घासा, मग गडद तेलरंगाचे दोन-तीन पातळ हात. फळीच्या दोन्ही टोकांची उघडी लाकूडतोंडं आणि मागची बाजू रंगवायला विसरू नका. पाणी तिथूनच आत शिरतं आणि दोन पावसाळ्यांत पुढचा रंग फुगतो. बसवतानाही फळी भिंतीला घट्ट चिकटवू नका, मागे पट्ट्या देऊन बोटभर हवा खेळू द्या. दगडी भिंत असेल तर भोक दगडात पाडायचं नाही, सांध्यातल्या चुन्यात पाडायचं, म्हणजे पुढे कधी पाटी उतरवली तर दगड शाबूत राहतो. रंग निवडताना काळा, गर्द हिरवा, किरमिजी, गर्द निळा यांतलाच घ्या. सोनं म्हणजे आरसा असतो. उन्हात ते लखलखतं, सावलीत काळसर दिसतं. फिकट पार्श्वभूमीवर दिवसाच्या निम्म्या वेळी अक्षर हरवतं.

शेवटच्या हातानंतर फळीला निदान आठवडाभर हात लावू नका. वरून वाळलेल्या रंगातही चिकटपणा शिल्लक असतो आणि वर्ख नको तिथेही बसतो. लिहायच्या आधी फळीवर खडूची बारीक पूड मऊ फडक्यानं फिरवून झटकून टाकायची. पूर्वीचे कारागीर अंड्याचा पांढरा बलक पाण्यात फेटून त्याचा हात देत. तोही उत्तम चालतो, काम झाल्यावर पाण्यानं धुऊन निघतो.

आता मुख्य काम. वर्ख चिकटतो तो जवसाच्या तेलावर बनवलेल्या ‘गोल्ड साइज’वर. तीन तासांची, बारा तासांची अशी साइज मिळते. तीन तासांची लवकर तयार होते आणि लवकरच हातातून जाते. बारा तासांची संध्याकाळी लावली की सकाळी तयार असते, पुढे बराच वेळ वर्ख घेते आणि तिच्यावर सोनं जास्त तेजाळ दिसतं, कारण सावकाश वाळताना ती सपाट पसरते. तिच्यात थोडासा पिवळा तेलरंग मिसळावा, म्हणजे कुठे लागली, कुठे राहिली ते दिसतं, आणि वर्खाला बारीक छिद्र राहिलं तर खालून काळं डोकावत नाही. थर पातळ हवा. कोपऱ्यात साठलेली साइज वरून साय धरते, आत ओलीच राहते.

ती तयार झाली हे घड्याळ सांगत नाही, बोट सांगतं. बोट वाकवून पेराचं हाड हलकेच टेकवा आणि उचला. किंचित ओढ लागली, ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि बोटाला काहीच लागलं नाही, की वेळ झाली. बोटाला तेल लागलं तर थांबा. एकदा मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाचं उद्घाटन होतं, रात्री थंडी आणि ओल होती, बारा तासांची साइज सकाळीही ओली होती. मालकाची घालमेल बघवेना म्हणून मी वर्ख चढवला. तासाभरात सोनं तेलात बुडालं, सुरकुतलं, पितळेच्या जुन्या भांड्यासारखं मंद पडलं. आठवडाभर सगळं वाळू दिलं, घासलं आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. तेव्हापासून उद्घाटनाची तारीख ऐकली की काम संपवायची तारीख मी तिच्या दोन दिवस आधीची धरतो. थंडीत आणि दमट हवेत साइजला जास्त वेळ लागतो, कोरड्या उन्हाळी वाऱ्यात ती भराभर सुकते.

उघड्यावर सुटा वर्ख वापरू नका, श्वासानंही उडतो. कागदावर दाबून बसवलेला मिळतो, तो घ्या. कागद धरून वर्खाची बाजू साइजवर टेकवायची, मागून बोटानं हलकेच दाबायचं, कागद उचलायचा. पुढचा वर्ख आधीच्यावर ३-४ मिलिमीटर चढलेला असावा. सगळं झाल्यावर उरलेल्या तुकड्यांनी राहिलेल्या जागा भरायच्या, मग मऊ ब्रशनं सुटे कण झाडायचे आणि कापसानं अक्षर गोल गोल हलकेच पुसायचं. याच क्षणी सांधे नाहीसे होतात आणि सोनं एकसंध होतं. इतकी वर्षं झाली, मी अजूनही या वेळी कोणाशी बोलत नाही.

दिवसभर थांबून कडांना बारीक बाह्यरेषा द्या, काळ्या फळीवर तांबडी किंवा गर्द पिवळी चांगली दिसते. तिनं कडा स्वच्छ होतात आणि सावलीतही अक्षर वाचता येतं. छाया मात्र जपून. इंग्रजी पाटीसारखी जाड छाया देवनागरीला दिली तर शिरोरेषेची सावली सलग पट्ट्यासारखी अक्षरांच्या पोटात उतरते आणि ‘ष’, ‘ध’, ‘क्ष’ यांच्या पोकळ्या बुजतात. छाया आखूड ठेवा, आणि अक्षर व छाया यांच्यामध्ये फळीच्या रंगाची बारीक फट सोडा.

खऱ्या सोन्यावर वार्निश मारू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. वार्निश उन्हानं पिवळं पडतं, तडकतं, आणि सुटताना वर्ख सोबत घेऊन जातं. उघडा साडेतेवीस कॅरेटचा वर्ख नीट तयार केलेल्या फळीवर २०-२५ वर्षं राहतो.

काचेचं काम वेगळ्या जातीचं आहे. वर्ख आतून लावायचा, म्हणून नाव उलटं लिहावं लागतं. आराखडा बाहेरच्या बाजूनं सुलटा चिकटवला की आतून तो आपोआप उलटा दिसतो. काच खडूच्या ओल्या पुडीनं घासून इतकी स्वच्छ करायची की पाणी थेंब न धरता सलग पसरलं पाहिजे. चिकटवायला तेल नाही, जिलेटिनचं पाणी. जिलेटिनची एक मोठी रिकामी कॅप्सूल अर्ध्या लिटर गरम, पण न उकळत्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवायची. जास्त जिलेटिन झालं तर सोन्यावर ढग येतात. इथे वर्ख सुटाच लागतो. खारीच्या केसांचा रुंद पातळ ब्रश गालावर फिरवला की त्याला किंचित तेलकटपणा येतो आणि वर्ख उचलला जातो. ओल्या काचेजवळ नेताच वर्ख स्वतः झेप घेऊन बसतो. वाळल्यावर दुसरा थर, मग कापसानं हलकं घासणं. त्यानंतर अक्षराच्या आकारात मागून काळा रंग द्यायचा, तो पक्का वाळला की अक्षराबाहेरचं सोनं ओल्या कापसानं आणि खडूच्या पुडीनं पुसून काढायचं. शेवटी मागून वार्निश, अक्षराच्या कडेबाहेर २-३ मिलिमीटर जाईल असं, म्हणजे काचेवरची ओल कडेतून आत शिरत नाही. फळीवर वार्निश नको आणि काचेवर हवं, यात विरोध नाही. काचेवर ते सोन्याच्या मागे असतं, नजरेच्या आड. या काच-सोन्याच्या कामाला युरोपात १८व्या शतकातल्या ग्लोमी नावाच्या फ्रेंच सजावटकारावरून नाव पडलं, पण तंत्र त्याच्याही बरंच आधीचं आहे.

पेंटर निवडताना नव्या कामाचे फोटो मागू नका, ५-६ वर्षांपूर्वी त्यानं लिहिलेली पाटी कुठे आहे ते विचारा आणि जाऊन पाहा. शिरोरेषेच्या टोकाला आणि उकाराच्या खालच्या वळणाला सोनं शाबूत असेल तर माणूस थांबायला शिकलेला आहे.

पाटी बसल्यावर वर्षातून दोनदा साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्यानं धूळ टिपा, घासू नका. दुकानातल्या पोरांना सांगून ठेवा: काचेच्या आतल्या बाजूला फवाऱ्याचं क्लीनर आणि ब्लेड लावायचं नाही. आणि आज रात्री ती बॅटरी घेऊन फळीसमोर उभे राहा. जुनी अक्षरं सापडली तर त्यांचा ठसा मला दाखवा, नव्या पाटीचा ‘ळ’ तिथूनच घेऊ.